फेडीची आशा न धरता

आजचं वाचन : लूक ६:३१-३६ आणि लूक १७:११-१९



आजच्या दुसऱ्या वाचनातली गोष्ट आपण संडेस्कूलपासून ऐकत आलोय. शोमरोन आणि गालीलच्या मधल्या वाटेवर दहा कुष्ठरोगी दूर उभे राहून प्रभूला हाक मारतात. प्रभू त्यांना याजकांकडे जायला सांगतो आणि वाटेतच ते शुद्ध होतात. आभार मानायला परत येतो तो एकच, आणि तोही परका, शोमरोनी. बाकीचे नऊ कुठे गेले, असं प्रभू विचारतो.

या गोष्टीवरचा उपदेश बहुतेक वेळा कृतज्ञतेवर असतो. आज मला दुसरी बाजू दिसली. नऊ जण परत आले नाहीत, पण प्रभूने त्यांचं बरं होणं परत घेतलं नाही. आभार न मानणाऱ्यांच्या अंगावर कुष्ठरोग पुन्हा उमटला नाही. ते नऊही बरेच राहिले.

आता पहिलं वाचन पाहा. जे आपल्यावर प्रेम करतात त्यांच्यावर प्रेम केलं, तर त्यात विशेष काय, असं प्रभू विचारतो. परत मिळेल या खात्रीने उसनं द्यायला तर कोणीही तयार असतो. तुम्ही मात्र फेडीची आशा न धरता द्या, कारण स्वर्गातला पिता कृतघ्न माणसांशीही दयेने वागतो.

आपल्याकडे लग्नात आहेराची वही ठेवतात. कोणी किती दिलं ते लिहून ठेवायचं आणि त्यांच्या घरी कार्य निघालं की तेवढंच परत करायचं. व्यवहार म्हणून त्यात वाईट काही नाही. पण तशीच एक वही आपल्या मनातही असते. मी तिच्या वाढदिवसाला स्टेटस टाकलं, तिने माझ्या वाढदिवसाला टाकलं नाही. मी त्याला नोट्स दिल्या, त्याने साधं थँक्यू म्हटलं नाही. प्रभू आपल्याला ही वही बंद करायला सांगतो.

पण ती बंद केल्यावर दयेचं पुढे होतं काय? परत आली नाही म्हणजे ती वाया गेली का? हा प्रश्न घेऊन आज एका आयुष्याकडे बघू या. त्या माणसाचे बरेच दिवस आपल्या येरवड्यात गेले. मी येरवड्यातच राहते, त्यामुळे त्यांच्या खुणा रोज जाता-येता दिसतात. जेल रोड, पर्णकुटी चौक, नगर रस्त्यावरचा आगाखान पॅलेस. होय, मोहनदास करमचंद गांधी.

काही जणांना वाटेल, ख्रिस्ती मननात गांधीजी कशाला? ते शेवटपर्यंत हिंदू राहिले, येशूला देवाचा एकुलता एक पुत्र म्हणून त्यांनी स्वीकारलं नाही. हे खरंच आहे आणि ते झाकायचं कारण नाही. त्यांच्या राजकारणाबद्दलही मतभेद आहेत. १९३२ साली येरवड्याच्या तुरुंगात त्यांनी केलेलं उपोषण आणि त्यातून झालेला पुणे करार, याबद्दल आपल्यातल्या अनेक घरांत आजही तीव्र भावना आहेत. तो विषय मोठा आहे आणि आजच्या मननाचा नाही. पण दया म्हणजे काय हे शिकवताना प्रभूनेच एका शोमरोन्याला पुढे उभं केलं होतं. याजक आणि लेवी बाजूने निघून गेले, थांबला तो परका. म्हणून मला वाटतं, परक्याकडून शिकायला हरकत नाही.

गांधीजींचा जन्म २ ऑक्टोबर १८६९ रोजी पोरबंदरला झाला. लहानपणी शाळा सुटली की ते आजारी वडिलांची सेवा करायचे. जखम धुणं, औषध देणं, रात्री पाय चेपणं. शुश्रूषेची ही आवड त्यांना जन्मभर राहिली. वकिलीच्या शिक्षणासाठी ते १८८८ मध्ये लंडनला गेले. तिथे एका ख्रिस्ती गृहस्थाने त्यांना बायबल दिलं. जुन्या कराराची पुढची पुस्तकं वाचताना त्यांना झोप यायची, हे त्यांनी आत्मकथेत मोकळेपणाने लिहिलंय. पण नव्या करारात आले आणि डोंगरावरचं प्रवचन थेट मनाला भिडलं. वाईटाचा प्रतिकार वाईटाने करू नका, अंगरखा मागणाऱ्याला झगाही द्या, हे त्यांच्या मनात कायमचं बसलं.

१८९३ मध्ये ते दक्षिण आफ्रिकेत गेले. प्रिटोरियाला त्यांना काही ख्रिस्ती मित्र भेटले. त्यांतले एक होते कोट्स नावाचे क्वेकर पंथाचे तरुण. गांधीजींनी ख्रिस्ताला स्वीकारावं अशी कोट्स यांची मनापासून इच्छा होती. त्यांनी पुस्तकामागून पुस्तक वाचायला दिलं. गांधीजींच्या गळ्यातली तुळशीची माळ त्यांना अंधश्रद्धा वाटायची आणि ती तोडून टाकावी असा त्यांचा आग्रह होता. ती आईने दिलेली होती, म्हणून गांधीजींनी नकार दिला.

एके दिवशी राष्ट्राध्यक्ष क्रूगर यांच्या घरासमोरच्या पायवाटेवरून चालत असताना पहाऱ्यावरच्या शिपायाने काही न बोलता गांधीजींना धक्का मारून, लाथ घालून रस्त्यावर ढकललं. कारण एवढंच की ते हिंदी होते. कोट्स त्याच वेळी घोड्यावरून तिथून जात होते. त्यांनी सगळं पाहिलं आणि तिथल्या तिथे सांगितलं की तुम्ही खटला भरा, मी साक्ष देईन. गांधीजींनी खटला भरला नाही. स्वतःच्या अपमानासाठी कोर्टात जायचं नाही, हे त्यांनी ठरवलेलं होतं.

इथे जरा थांबू या. माळ तोडायला नकार मिळाल्यावरही कोट्स त्यांच्या बाजूने उभे राहिले. ज्याच्यासाठी प्रार्थना केली तो ऐकत नाही, मग आता मैत्री कशाला, असा हिशेब त्यांनी केला नाही. आपल्या मंडळीतल्या प्रत्येक तरुणाने हे लक्षात घ्यावं असं मला वाटतं. आपण कॉलेजमधल्या किंवा ऑफिसमधल्या मित्राला मदत करतो, चर्चला बोलावतो. तो दोनदा येतो, मग येत नाही. त्यानंतर आपला फोन कमी होत जातो का? होत असेल, तर ती दया होती की गळाला लावलेलं आमिष? साक्ष द्यायलाच हवी, प्रार्थना करायलाच हवी. पण मदतीच्या पोटात गळ लपवायला प्रभूने शिकवलेलं नाही. त्याने भाकरी दिली तेव्हा पाच हजार पुरुषांना एकाच वेळी दिली. त्यातले उद्या किती जण मागे येतील, हे विचारून टोपल्या फिरवल्या नाहीत.

पुढे गांधीजी दरबानला राहायला आले. १८९७ च्या सुमारास एक कुष्ठरुग्ण भीक मागत त्यांच्या दाराशी आला. नुसतं जेवण देऊन त्याला वाटेला लावणं त्यांना जमेना. त्यांनी त्याला घरात ठेवून घेतलं, जखमा धुतल्या, सेवा केली. पण हे किती दिवस चालणार? कायमचं ठेवून घेण्याची त्यांची तयारी नव्हती. शेवटी त्यांनी त्याला गिरमिटिया मजुरांच्या सरकारी दवाखान्यात पाठवलं. आपली हिंमत कमी पडली, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय आणि ती रुखरुख त्यांच्या मनातून गेली नाही.

त्या बेचैनीतून त्यांनी पुढचं पाऊल उचललं. सेंट एडन्स मिशनचे प्रमुख डॉ. बूथ गरिबांना फुकट तपासायचे. पारसी रुस्तमजी यांच्या देणगीतून तिथे एक लहानसा धर्मार्थ दवाखाना निघाला. गांधीजी वकिली सांभाळून रोज सकाळी तासभर, कधी दोन तास तिथे जायचे. रुग्णांच्या तक्रारी ऐकून डॉक्टरांना सांगायच्या आणि औषधं तयार करून द्यायची, असं कंपाउंडरचं काम. येणारे बहुतेक जण तमिळ, तेलुगू आणि उत्तर हिंदुस्थानी गिरमिटिया मजूर. त्यांच्यापाशी फेडायला काय असणार? गांधीजी बाप्तिस्मा घेणार आहेत की नाही, हे विचारून डॉ. बूथ यांनीही त्यांना दवाखान्यात घेतलं नव्हतं.

१९०४ मध्ये जोहान्सबर्गला फुप्फुसाचा प्लेग आला. तेवीस हिंदी मजूर आजारी पडले. गांधीजी आणि त्यांचे काही सहकारी एका रिकाम्या गोदामात त्यांची शुश्रूषा करत राहिले. नगरपालिकेने पाठवलेली एक परिचारिका त्याच आजाराने वारली. रुग्णही जवळजवळ सगळे गेले. म्हणजे सेवा केली, जीव धोक्यात घातला आणि हाती यशही आलं नाही. फेडीची आशा म्हणजे फक्त पैशाची किंवा आभारांची आशा नव्हे. माणूस बरा व्हायलाच हवा, सुधारायलाच हवा, आपल्या कष्टाचं चीज व्हायलाच हवं, हीसुद्धा एक फेडच आहे. ती न मिळताही जी सेवा टिकते, ती खरी.

फेब्रुवारी १९०८ मध्ये जोहान्सबर्गच्या रस्त्यात मीर आलम आणि त्याच्या साथीदारांनी गांधीजींना मारून बेशुद्ध केलं. सरकारशी केलेली तडजोड त्याला विश्वासघात वाटली होती. ही बातमी समजताच बॅप्टिस्ट मंडळीचे पाळक जोसेफ डोक धावत आले आणि त्यांना स्वतःच्या घरी घेऊन गेले. गोऱ्या पाळकाने काळ्या माणसाला घरात ठेवायचं म्हणजे त्या काळी मंडळीतलेच लोक तोंड फिरवण्याची शक्यता. डोक कुटुंबाने त्याची पर्वा केली नाही. रात्रभर कोणी ना कोणी उशाशी जागं असायचं. त्यांची लहान मुलगी ऑलिव्ह हिने गांधीजींच्या विनंतीवरून त्यांचं आवडतं इंग्रजी भक्तिगीत हळू आवाजात गायलं. गांधीजींनी तर शुद्धीवर येताच मारणाऱ्यांना सोडून द्यावं असा निरोप सरकारला धाडला होता. पुढच्याच वर्षी डोक यांनी गांधीजींचं पहिलं चरित्र लिहिलं. ज्याच्यासाठी एवढं केलं तो आपल्या मंडळीचा सभासद कधीच झाला नाही, तरी डोक यांची मैत्री आटली नाही.

आता येरवड्याकडे येऊ. मार्च १९२२ मध्ये राजद्रोहासाठी सहा वर्षांची शिक्षा झाली आणि गांधीजींना येरवड्याच्या तुरुंगात आणलं. जानेवारी १९२४ मध्ये अपेंडिक्सचा त्रास विकोपाला गेला. त्यांना नदीपलीकडे ससून रुग्णालयात हलवलं आणि १२ जानेवारीच्या रात्री कर्नल मॅडॉक या इंग्रज सर्जनने ऑपरेशन केलं. ऑपरेशन चालू असतानाच वीज गेली. शेवटचा भाग कंदिलाच्या उजेडात उरकावा लागला. एक जण साम्राज्याचा अधिकारी, दुसरा त्याच साम्राज्याचा कैदी. आपला डॉक्टरांवर भरवसा आहे, असं गांधीजींनी ऑपरेशनच्या आधी लिहून दिलं होतं. मॅडॉक यांनीही त्यांची जिवापाड काळजी घेतली. ५ फेब्रुवारीला त्यांची सुटका झाली आणि बाहेर येऊन ते पुन्हा त्याच सरकारविरुद्ध उभे राहिले. परतफेड म्हणून सरकारला यातून काहीच मिळालं नाही.

यानंतर १९३० मध्ये आणि पुन्हा १९३२ मध्ये ते येरवड्यातच कैदेत होते. या तुरुंगाला ते मंदिर म्हणायचे. १९३२ च्या कैदेत वल्लभभाई पटेल आणि महादेव देसाई सोबत होते. त्याच तुरुंगात, पण वेगळ्या भागात, परचुरे शास्त्री नावाचे एक सत्याग्रही कैदी होते. संस्कृतचे मोठे पंडित. त्यांना कुष्ठरोग झालेला, म्हणून त्यांना इतरांपासून दूर ठेवलं होतं. गांधीजींनी त्यांना भेटायची परवानगी मागितली, पण ती मिळाली नाही. मग त्यांनी पत्रं लिहिली. एकाच भिंतीच्या आत दोन माणसं, आणि मधला दुवा फक्त कागदाचा.

त्या काळी हा रोग म्हणजे काय होतं, हे आपल्याला आज समजायला कठीण आहे. आज बहुविध औषधोपचाराने तो पूर्ण बरा होतो आणि सरकारी दवाखान्यात औषधं मोफत मिळतात. तेव्हा कडुकवठाच्या तेलाची दुखरी इंजेक्शनं होती, आणि त्यांचाही भरवसा नव्हता. रोगापेक्षा लोकांची नजर जास्त जाळायची. पंडित असो की मजूर, एकदा डाग दिसला की माणूस घरातून, देवळातून, पंगतीतून बाहेर. लेवीयच्या पुस्तकातला छावणीबाहेरचा माणूस आणि येरवड्याच्या वेगळ्या वॉर्डातला हा कैदी, दोघांचं दुःख एकच.

१९३९ मध्ये परचुरे शास्त्री वर्ध्याजवळ सेवाग्रामला येऊन पोचले. रोग वाढला होता, मन थकलं होतं. जगण्यात राम उरलेला नव्हता. आश्रमात त्यांना ठेवून घ्यायचं म्हणजे तिथे राहणाऱ्या इतरांचा, मुलाबाळांचाही प्रश्न होता. गांधीजी सत्तर वर्षांचे झाले होते. दुसरं महायुद्ध सुरू झालं होतं, देशाचं सगळं राजकारण त्यांच्या दाराशी येत होतं. अशा माणसाने एखाद्या चांगल्या संस्थेचा पत्ता दिला असता, तर कोणी नावं ठेवली नसती.

त्यांनी आश्रमातल्या लोकांना विश्वासात घेतलं आणि शास्त्रींसाठी आपल्या कुटीजवळ झोपडी बांधून घेतली. मग रोज स्वतःच्या हाताने त्यांच्या जखमा साफ करायच्या, तेलाने मालिश करायची. या सेवेचं छायाचित्र तुम्ही पाहिलं असेल. उघड्या अंगाने वाकून बसलेला म्हातारा आणि समोर रुग्ण. शास्त्री तिथे नुसते रोगी म्हणून राहिले नाहीत. सेवाग्राममध्ये लग्न लागलं तेव्हा पौरोहित्यही त्यांनी केलं. ज्याला सगळ्यांनी मंगल कार्यातून बाहेर काढलं होतं, त्याच्याच तोंडून मंगल मंत्र.

दरबानच्या दाराशी आलेल्या त्या भिकाऱ्यानंतर चाळीसहून अधिक वर्षं गेली होती. तेव्हा कमी पडलेली हिंमत आता कमी पडली नाही.

परचुरे शास्त्री बरे झाले नाहीत. पुढे ते वर्ध्याजवळच मनोहर दिवाण यांच्या दत्तपूरच्या कुष्ठधामात राहिले आणि १९४५ मध्ये वारले. म्हणजे या सेवेतही दाखवण्यासारखा निकाल नाही. तीन वर्षांनी, ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींना गोळ्या घालण्यात आल्या. आपल्या देशात तोच दिवस कुष्ठरोग निवारण दिन म्हणून पाळला जातो.

आता त्या आहेराच्या वहीत बघा. कोट्स यांच्या नावापुढे परत आलेलं काय? शून्य. डॉ. बूथ, शून्य. डोक कुटुंब, शून्य. कर्नल मॅडॉक, शून्य. ज्यांनी प्रार्थना केली त्यांना हवं ते उत्तर मिळालं नाही. पण त्यांनी दिलेलं हरवलं का? सेवाग्रामच्या त्या झोपडीत रोज मालिश करणाऱ्या हातांमागे कोणाकोणाची दया होती, हे देवालाच ठाऊक. पोरबंदरच्या आईवडिलांची होती, तशी या मंडळींचीही असेल, असं मला मनापासून वाटतं. दया नेहमी आली त्या वाटेने परत जात नाही, ती पुढे जाते. उतरंडीवरच्या पाण्यासारखी ती जिथे खोलगट जागा आहे तिथे पोचते. देणाऱ्याला बहुतेक वेळा ते बघायलाही मिळत नाही.

आपल्यावरची प्रभूची कृपा अशीच तर आहे. क्रुसाची फेड आपण कशाने करणार? तो मागतही नाही. तो एवढंच म्हणतो की पिता जसा दयाळू, तसे तुम्ही व्हा. त्याच्याकडून घेतलेलं त्याला परत करता येत नाही, पुढच्या माणसाला देता येतं.

आज मनन करा :

माझ्या मनातल्या वहीत कोणाच्या नावापुढे अजून बाकी लिहिलेली आहे? ती आज प्रभूसमोर खोडता येईल का?

ज्याच्यासाठी मी प्रार्थना करतोय किंवा करतेय, तो कधीच बदलला नाही, तरीही मी त्याच्या बाजूने उभं राहीन का?

या आठवड्यात एक काम असं करा, ज्याचा फोटो नाही, स्टोरी नाही, आणि ज्याच्यासाठी ते केलं त्यालाही तुमचं नाव कळणार नाही. ससूनच्या बाहेर रात्र काढणाऱ्या नातेवाइकांना चहा पाजा, सोसायटीच्या वॉचमनच्या मुलीला गणित शिकवा, एकट्या राहणाऱ्या आजींचं रेशन आणून द्या. मग विसरून जा.

प्रार्थना :

हे दयाळू पित्या, आम्ही आभार न मानताही तू आमच्यावर सूर्य उगवतोस आणि पाऊस पाडतोस. त्या नऊ जणांसारखे आम्ही कितीदा परत आलो नाही, तरी तू दिलेलं काढून घेतलं नाहीस. आमच्या मनातली हिशेबाची वही तूच मिटव. आमच्या मदतीत गळ लपलेला असेल तर तो काढून टाक. जिथे हात लावायला लोक घाबरतात, तिथे हात लावण्याचं धैर्य आम्हाला दे. निकाल दिसला नाही तरी आम्ही थकू नये. येरवड्याच्या त्या भिंतींआड आजही असलेल्या प्रत्येक कैद्याची, त्यांच्या घरच्यांची आणि दूर ठेवलेल्या प्रत्येक आजारी माणसाची आठवण कर. आमचा प्रभू येशू ख्रिस्त याच्या नावाने मागतो. आमेन.